टाके निघाले, उपचार उरला



गरोदर बाईने ग्रहणात विळी हाती धरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असा दोष आजही मातेच्या माथी मारला जातो. वस्तुतः गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत ओठाचे व टाळूचे भाग सांधले न गेल्याने हे व्यंग उद्भवते. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात ते आढळते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरात झाला. त्यात या व्यंगाचा समावेश आहे. धर्मादाय संस्थाही मोफत शस्त्रक्रिया करवितात. ओठ पहिल्या काही महिन्यांत, टाळू साधारण दीड वर्षाच्या आत शिवली जाते. टाके निघतात, छायाचित्र निघते, आकडा अहवालात चढतो. आणि तेथेच समाजाचे लक्ष उडते.

परंतु भेग हिरडीतूनही गेलेली असेल, तर तेथे हाडच नसते. दात वाकडे येतात, एखादा येतच नाही. पुष्कळदा वरचा जबडा खुरटतो व खालचे दात पुढे येतात. सुळा येण्यापूर्वी, म्हणजे साधारण आठ ते अकरा या वयात, बहुधा कमरेच्या हाडाचा अंश घेऊन ती पोकळी भरावी लागते. पुढे दातांना तारा लावायच्या आणि त्या आवळून घेण्यासाठी वर्षानुवर्षे फेऱ्या मारायच्या.

या फेऱ्या कोणाला परवडतात? जव्हारच्या मजुराने मुलाला घेऊन मुंबई गाठायची म्हणजे मजुरी बुडाली, भाडे गेले, शाळा चुकली. उपचार मोफत असूनही आवाक्याबाहेरच राहतो. आणि सुळ्याची वेळ टळली, की तितकी अनुकूल संधी पुन्हा येत नाही.

ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा १९४८ साली उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी १९५१ साली कवळ्या व चष्म्यांवरील शुल्काला विरोध करून मंत्रिपद सोडले. दात ही श्रीमंतांची चैन आहे, असे त्या समाजवाद्याने मानले नाही. आपणही मानू नये.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ठरल्या दिवशी बसावे. पालकाला प्रवासभाडे व बुडालेली मजुरी मिळावी. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद अठराव्या वर्षापर्यंत चालू राहावी. तोवर कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील अशा मुलांची यादी करावी आणि सात-आठ वर्षांच्या मुलांना आधी दंतवैद्याकडे न्यावे.

ओठ शिवल्याने मूल हसू लागले, याचा आनंद आहेच. त्याला भाकरी नीट चावता येईपर्यंत मात्र आपले काम संपलेले नाही.