१७ सप्टेंबर : आपल्या हुतात्म्यांचा दिवस



आज आपण एका दिवसाविषयी बोलू. १५ ऑगस्ट हा सगळ्या देशाचा दिवस. २६ जानेवारी हाही सगळ्या देशाचा. १७ सप्टेंबर मात्र आपल्या मराठवाड्याचा दिवस आहे. त्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. त्या दिवशी झेंडा लागतो. पोरं प्रभातफेरी काढतात. पण सुट्टी कशाची, असं विचारलं तर पुष्कळ जण डोकं खाजवतात. म्हणून हे बोलणं.

लढाईत पडलेल्या माणसाची आठवण ठेवायची, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या खेड्यांत मारुतीच्या पाराजवळ, नाही तर महादेवाच्या देवळामागे कोरलेले दगड उभे असतात. त्यांना वीरगळ म्हणतात. कोणी त्यांना शेंदूर लावतात, कोणी देव समजून नारळ फोडतात. नीट पाहिलं तर त्या दगडावर गोष्ट दिसते. ती खालून वर वाचायची. खाली लढाई चाललेली असते. कधी बाजूला गाई कोरलेल्या असतात, म्हणजे तो वीर गावची गुरं वाचवताना पडला. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. त्याच्यावर तो शंकराच्या पिंडीची पूजा करीत बसलेला असतो. सगळ्यांत वर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ.

पण बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं. त्या काळी गावात वाचणारे किती असणार! म्हणून चित्र कोरलं. चित्र टिकलं, नाव मात्र गेलं. तो वीर कोण, कोणाचा मुलगा, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

आता आपल्या १७ सप्टेंबरकडे येऊ.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. आपण झालो नाही. आपल्यावर हैदराबादच्या निजामाचं, मीर उस्मान अली खान यांचं राज्य होतं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे मराठी बोलणारे पाच जिल्हे त्या राज्यात होते. आज त्यांचे आठ झाले आहेत. पूर्वीचं औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, आणि उस्मानाबाद म्हणजे धाराशिव. तेलुगू आणि कानडी मुलूखही त्याच राज्यात होता. निजामाला भारतात सामील व्हायचं नव्हतं.

त्या राज्यात साधी सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागे. त्या हुकुमाला 'गश्ती निशान ५३' म्हणत. शाळांतून उर्दूतच शिकावं लागे. मराठी शाळा काढायची म्हणजे सरकारची वाकडी नजर ओढवून घ्यायची. तरी लोकांनी शाळा काढल्या. या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षकच. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुलं शिकवली. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. त्यामुळे ही गोष्ट सांगताना आम्हांला जरा बरं वाटतं, हे कबूल करतो.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली आणि लढा वाढत गेला. दुसऱ्या बाजूला रझाकार नावाची संघटना होती. तिचा प्रमुख कासीम रझवी. तो लातूरला वकिली करीत असे. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. माणसं घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. तिथे तरुणांनी छावण्या घातल्या आणि तिथून ते लढले. जुनी माणसं वय सांगताना 'रझाकाराच्या साली मी एवढा होतो' असं सांगत. दुष्काळाचं साल जसं लक्षात राहतं, तसंच हेही राहिलं.

पडले ते कोण होते? नांदेडकडचे गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ मारले गेले. वसमतकडचे बहिर्जी शिंदे लढता लढता पडले. वसमतचं बहिर्जी स्मारक महाविद्यालय त्यांच्याच नावाचं आहे. आणि आणखी एक नाव अवश्य ऐका. शोएबुल्ला खान. हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू वर्तमानपत्र ते चालवीत. हैदराबादने भारतात सामील व्हावं, असं ते उघड लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांना गाठून मारलं. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. म्हणून हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असं कोणी म्हणालं, तर त्याला शोएबुल्ला खानांचं नाव सांगावं.

शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे भारताची फौज निजामाच्या हद्दीत शिरली. मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आली. दुसरी तुकडी औरंगाबादकडे आली. लोक याला पोलीस ॲक्शन म्हणतात, पण आले होते ते पोलीस नव्हते, सैनिक होते.

त्या पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळ एक शीख हवालदार पडला. त्याचं नाव बचित्तर सिंग. माणूस पंजाबचा. मराठवाडा कुठे, हे त्याला फौजेत येण्याआधी ठाऊकही नसेल. पहाटे त्याने शत्रूच्या दोन गाड्या माणसांसकट पकडल्या. पुढे एका पक्क्या मोर्च्यातून मशीनगन सुरू झाली. हा आपली माणसं घेऊन तिच्यावर चालून गेला. तीस यार्डांवर असताना मांडीत गोळी लागली. तो पडला. तरी सरपटत पुढे गेला आणि दोन हातगोळे टाकून ती मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्या माणसांना त्याने नकार दिला. तिथेच त्याचा प्राण गेला. पुढे सरकारने त्याला अशोक चक्र दिलं. लढाईबाहेरच्या शौर्याचं हे आपल्या देशातलं सर्वांत मोठं पदक आहे. ते मिळालेल्या अगदी पहिल्या वीरांमध्ये त्याचं नाव आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या मातीत हा पंजाबी पोरगा पडला, आणि आपल्यापैकी किती जणांना त्याचं नाव माहीत आहे?

१७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रं ठेवली.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. रझाकारांचा सूड म्हणून त्यानंतरच्या दिवसांत ठिकठिकाणी निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला पाठवली होती. सणाच्या दिवशी हे कशाला, असं काही जण म्हणतील. आम्हांला तसं वाटत नाही. मेलेली माणसं आपल्याच गावची होती.

आता हा दिवस पाळतात कसा? छत्रपती संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात हुतात्म्यांचा स्मृतिस्तंभ आहे. सकाळी तिथे मुख्यमंत्री पुष्पचक्र वाहतात. पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात. मग झेंडा लागतो. शेजारच्या कर्नाटकात कलबुर्गी भागातही हाच दिवस पाळतात, कारण तोही निजामाचाच मुलूख. तालुक्याला आणि मोठ्या गावी हुतात्मा स्मारकं आहेत. महाराष्ट्र सरकारने १९८० नंतर ती राज्यभर बांधली. काहींची निगा चांगली आहे. काहींत शेळ्या बसतात. तेही खरं आहे.

'हुतात्मा' हा शब्दही समजून घ्या. हुत म्हणजे होमात वाहिलेलं. ज्याने स्वतःला वाहून टाकलं तो हुतात्मा.

दोन मिनिटं गप्प उभं राहण्याची रीत मात्र परदेशातून आली. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता थांबलं. विलायतेत त्या दिवशी, त्याच वेळी लोक अजून गप्प उभे राहतात आणि छातीवर लाल फूल लावतात. आपल्याकडे ३० जानेवारीला ११ वाजता भोंगा होतो, तेव्हा आपणही उभे राहतो. दिल्लीला सैनिकांची दोन मोठी स्मारकं आहेत. एक इंडिया गेट. दुसरं राष्ट्रीय युद्ध स्मारक, ते २०१९ साली झालं. दोन्हींवर पडलेल्या जवानांची नावं कोरली आहेत, एकेकाचं वेगळं नाव. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. छोटा झेंडा देऊन पैसे गोळा करतात. ते पैसे जवानांच्या विधवांसाठी, जखमी आणि निवृत्त सैनिकांसाठी जातात. १९४९ पासून हे चालू आहे. झेंडा घेऊन कोणी आलं तर पाच-दहा रुपये द्यायला मागेपुढे पाहू नका.

आम्ही ज्या गावी नोकरीला होतो, तिथे एक म्हाताऱ्या आजी दर वर्षी १७ सप्टेंबरला स्मारकाशी येत. त्यांचा थोरला भाऊ लढ्यात गेला होता. दगडावर त्याचं नाव होतं, पण आजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी ओळ मोजून ठेवली होती. वरून चौथी. त्या ओळीवर त्या बोट फिरवत आणि शाळेच्या एखाद्या मुलीला विचारीत, "बाई, हेच ना गं?" मुलगी वाचून दाखवी. मग आजी फूल ठेवीत. एका वर्षी दगडाला रंग दिला आणि अक्षरं रंगाखाली बुजली, तेव्हा त्या फार रडल्या.

तुम्हांला आता वाचता येतं. येत्या १७ सप्टेंबरला जवळच्या स्मारकावर जा आणि नावं मोठ्याने वाचा. जोडाक्षर अडलं तर थांबा, परत वाचा.

आणि दगडावर नसलेलीही नावं आहेत. कोणी रझाकारांच्या गोळीने गेला, कोणी तुरुंगात गेला, कोणी पुढे फौजेत जाऊन सरहद्दीवर गेला. त्या वेळचं पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसा. वहीत लिहून घ्या. आधी नाव. मग बापाचं नाव आणि आईचंही. मग गाव, साल, आणि तो कसा गेला ते. सांगणाऱ्याचं नाव खाली लिहा. दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि एक शाळेत ठेवा.