परक्या मुलखातल्या बाई

 आज आम्ही एका शिक्षिकेबद्दल बोलणार आहोत. आपली माणसं, आपली भाषा मागे ठेवून त्या दूर देशी शिकवायला राहिल्या. त्यांचं नाव पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी वाचलं असेल. विधवा बायांसाठी शारदा सदन काढलं, एवढं आठवतही असेल. पण त्याआधी त्या जवळजवळ तीन वर्षं इंग्लंडात होत्या. तिथं त्यांचे रोजचे दिवस कसे गेले, ते ऐकणं आपल्या कामाचं आहे. कारण आपल्या गावातही परजिल्ह्यातल्या बाई शिकवायला येतात, आणि आपल्या लेकीही नोकरीसाठी परगावी जातात.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा राग ओढवून घेतला. त्याच आईनं पुढं लेकीला शिकवलं. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले. रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या दुसऱ्या जातीच्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षांच्या आत ते वारले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. तशात त्या पुण्याला आल्या, बायांची सभा काढली, 'स्त्रीधर्मनीति' नावाचं पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या पैशांतून प्रवासखर्च उभा केला आणि १८८३ साली पंचविसाव्या वर्षी लेकीला घेऊन बोटीत बसल्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण कानांनी कमी ऐकू यायचं, त्यामुळं ते जमलं नाही. मग त्यांनी शिक्षिका व्हायचं ठरवलं.

इंग्लंडात वाँटेज नावाच्या गावी त्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. पुण्याला कामासाठी येणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचं, आणि त्याबदल्यात राहणं, जेवण आणि इंग्रजीचं शिक्षण मिळायचं, असं ठरलं होतं. म्हणजे त्या कोणाच्या उपकाराचं खात नव्हत्या. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत पहिल्याच वर्षी तिथं मरण पावली. परक्या देशात आपल्या भाषेत मन मोकळं करायला कोणी उरलं नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथं डोरोथिया बील या मुख्य बाई होत्या. रमाबाई तिथं संस्कृत शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या.

आता बघा, खटके कुठं उडाले. पहिला उडाला ताटावर. रमाबाई मांस, मासे, अंडी खात नव्हत्या. अंडं घातलेला गोड पदार्थही नको म्हणायच्या. त्यांची देखभाल करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना वाटायचं, धर्म बदलला तरी बाईचा जातीचा ताठा काही जात नाही. रमाबाईंनी पत्रातून उत्तर दिलं. त्याचा मतलब असा, की इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली, आणि ज्यानं कोणाचं काही बिघडत नाही अशा आपल्या सवयी तिनं सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का?

दुसरा खटका शिकवण्यावरून उडाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं, असा विचार चेल्टनहॅमला निघाला. त्यावर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी नको म्हटलं. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना नवल वाटलं. माझ्या आईनं तरुण मुलांना शिकवलं तर माझ्या वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवलं तर माझ्या नवऱ्याची हरकत नव्हती, मग तुम्हालाच कशी, असं त्यांनी विचारलं. सुधारलेला म्हणवणारा देश एका बाईच्या शिकवण्याला आडवा आला होता. तिसरा खटका लेकीवरून उडाला. मनोरमाला काय शिकवायचं हे मठ सांगू लागला, तेव्हा ते मी ठरवीन, असं आईनं निक्षून सांगितलं.

त्या हेकट होत्या असं नाही. इंग्रजी त्या झपाट्यानं शिकल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तर तिथं लहान मुलांना खेळातून शिकवायची बालवाडीची पद्धत शिकून घेतली. अमेरिकेतल्या बाया आपल्या संस्था कशा चालवतात, दारूविरुद्ध कशा उभ्या राहतात, ते पाहून पुढं मराठीत पुस्तक लिहिलं. उपयोगाचं दिसलं ते घेतलं. जे सोडायचं कारण पटलं नाही ते सोडलं नाही.

आम्हाला यातली सगळ्यात मोठी गोष्ट पुढची वाटते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. आता त्या स्वतः मुख्य बाई होत्या. तिथं येणाऱ्या विधवा मुलींना आपापल्या रितीनं स्वयंपाक करायची, आपले आचार पाळायची मोकळीक त्यांनी दिली. जेवणावरून स्वतः बोलणी खाल्ली होती, ती त्यांनी आपल्या विद्यार्थिनींना ऐकवली नाहीत. पुढं १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद झाला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, हेही खरं. तरी त्या थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याकडं घेऊन गेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता.

आता आपल्या गावाकडं येऊ. ब्रह्मपुरीच्या आसपास आणि वैनगंगेपलीकडं गडचिरोलीच्या जंगलगावांत शाळेवर, दवाखान्यात बाहेरच्या मुली नोकरीला येतात. कोणी मराठवाड्याची, कोणी नाशिककडची. घरी ज्वारी-बाजरीची भाकर खाल्लेली, इथं दोन्ही वेळ भात. आपण पाण्याला 'पानी' म्हणतो, तर तिला हसू येतं. ती 'पाणी' म्हणते, तर आपली पोरं हसतात. आणखी आत गोंडी बोलणाऱ्या गावात गेली तर पाण्याला 'एर' म्हणतात. पहिलीतलं लेकरू तहान लागली हे कोणत्या भाषेत सांगेल, आणि बाईला ते कळेल कसं?

ती खोली बघायला येते तेव्हा आपण आधी काय विचारतो? आडनाव. मग जात. मग लग्न झालं का, नवरा कुठं असतो, एकटीच राहणार का. त्यानंतर खोली रिकामी नाही म्हणून सांगतो. थोड्याच दिवसांत ती बाई बदलीचा अर्ज टाकते, आणि आपणच म्हणतो, आमच्या गावात शिक्षक टिकत नाही. नुकसान कोणाचं होतं? आपल्याच लेकरांचं.

म्हणून प्रत्येक गटाला आमची विनंती आहे. येत्या मासिक बैठकीत बचतीचा आणि कर्जाचा हिशेब झाला की हा विषय घ्या. गावात बाहेरून आलेली शिक्षिका, नर्स किंवा अंगणवाडीची बाई कोण आहे, ती कुठं राहते, तिला काय अडचण आहे, हे दोघी जणींनी जाऊन विचारावं. खोली हवी असेल तर गटातल्या कोणीतरी पुढं व्हावं. हळदीकुंकू असो की रोवणीनंतरचं जेवण, तिलाही बोलवावं, मग ती लग्न झालेली असो, नसो, की विधवा असो. ती काय खाते ते आधी विचारावं, नको म्हणाली तर आग्रह धरू नये. पहिलीच्या पोरांचे रोजचे दहा-वीस शब्द, मग ते झाडीबोलीतले असोत की गोंडीतले, एखाद्या आजीनं तिला शिकवावे. ते तिच्या वर्गात लगेच कामी येतील.

आणि आपली लेक बाहेर निघाली असेल तर तिलाही सांगा. तिथली भाषा शीक, काम शीक, चार माणसं जोड. पण काय खायचं, कोणाशी काय बोलायचं, आपल्या लेकराला कसं वाढवायचं हे तुझं तू ठरव. तिथंही कोणीतरी तिला खोली देताना आधी आडनाव विचारत असेल. तिच्यासाठी आपल्याला जे वागणं हवं असं वाटतं, तेच आपल्या गावात आलेल्या बाईच्या वाट्याला येऊ द्या.

बैठकीत काय ठरलं ते रजिस्टरात लिहा आणि पुढच्या वेळी आम्हाला सांगा.