अंथरुणावरून डॉक्टरपर्यंत



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगारांचे कागद आणि कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. तेव्हा वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. माझा विषय त्याच्या अलीकडचा आहे. आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये जो रस्ता असतो, त्या रस्त्याविषयी मी बोलणार आहे. ज्याला तो रस्ता ओलांडवत नाही, त्याने फोनवरून डॉक्टरचा सल्ला कसा घ्यावा आणि त्याची व्यवस्था कोणी करावी, एवढाच आजचा प्रश्न.

या रस्त्याला भाडे किती पडते ते आधी पाहू. माझे काम यंत्रमाग कामगारांत. सुताच्या धुरळ्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेले एक जुने जॉबर आमच्या वस्तीत आहेत. छाती भरून आली की जिना उतरताना ते तीनदा बसतात. त्यांना दवाखान्यात न्यायचे म्हणजे मुलाने खाडा करायचा, रिक्षा ठरवायची, दोन तास बाकावर बसायचे. शेवटी डॉक्टर कागद पाहतात आणि म्हणतात, “त्याच गोळ्या चालू ठेवा, महिन्याने या.” दोन मिनिटांच्या या वाक्यासाठी मुलाची एक दिवसाची मजुरी गेली, रिक्षाचे पैसे गेले, आणि म्हातारा घरी आला तो जाताना होता त्याहून अधिक आजारी. पुढच्या महिन्यात तो म्हणतो, “राहू दे रे, बरं आहे मला.” आमच्या लोकांचे आजार वाढतात ते पुष्कळदा या “राहू दे”मुळे.

आता कोणी म्हणेल की फोनवर डॉक्टर ही आजकालची चैन आहे. तसे नाही. टेलिफोन जन्मला १८७६ साली. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, विलायतेतल्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात एक हकीकत आली होती. मध्यरात्री मुलाला खोकल्याची ढास लागली. डॉक्टरने मुलाला टेलिफोनजवळ धरायला सांगितले, खोकला ऐकला आणि घाबरण्यासारखे काही नाही असे सांगून सर्वांना झोपायला लावले. म्हणजे यंत्र नवे होते तेव्हाच त्याचा हा उपयोग माणसाच्या ध्यानात आला होता.

आणि आपल्याकडे? १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याचे कलम ५६ मी अनेकांना वाचून दाखवले आहे. विमा उतरलेल्या कामगाराला औषधोपचार कसे द्यावेत याचे मार्ग त्यात सांगितले होते. दवाखान्यात तपासून, रुग्णालयात दाखल करून, आणि कामगाराच्या घरी भेट देऊन. घरी भेट देऊन, हे शब्द कायद्यातले आहेत, माझे नव्हेत! स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की काही आजारी माणसे दवाखान्यापर्यंत पोचू शकत नाहीत. पुढे घरी येणारा डॉक्टर दुर्मीळ झाला. तेव्हा आज फोनवर सल्ला मागणारा रुग्ण मेहेरबानी मागत नाही. जुन्याच हक्काला तो नवे साधन जोडतो आहे.

आपल्या देशात या कामाला स्पष्ट नियम मिळाले ते २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. ते सामान्य माणसाला उपयोगी आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. सल्ला देणारा डॉक्टर नोंदणीकृत असला पाहिजे. बोलणे साध्या फोनवर, चित्रफोनवर किंवा लेखी संदेशाने चालते. रुग्णाने आपण होऊन फोन केला म्हणजे त्याची संमती आहे असे धरतात. रुग्णाला बोलणे अशक्य असेल तर घरचे माणूस त्याच्या वतीने बोलू शकते. डॉक्टरला फी घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. औषधांच्याही पायऱ्या आहेत. तापाची साधी गोळी किंवा जुलाबावरची साखर-मिठाची पुडी कोणत्याही फोनवरून सांगता येते. काही औषधे पहिल्या खेपेला चेहरा दिसत असेल तरच. काही, आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णालाच. आणि नशेच्या वर्गातली औषधे फोनवर मुळीच नाहीत. शेवटचा शब्द डॉक्टरचा. “मला पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही” असे तो म्हणाला, तर तो टाळतो आहे असे समजू नये.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत डॉक्टरने तुम्हाला प्रत्यक्ष पाहिले असेल, तर फोनवरचे बोलणे ही पुढची भेट धरली जाते, आणि अशा वेळी त्याला अधिक सांगता येते. म्हणून फोनची तयारी बरे असताना करावी. दवाखान्यात गेलात की निघण्यापूर्वी विचारा, “डॉक्टरसाहेब, पुढच्या खेपेला येणे झाले नाही तर फोनवर बोलता येईल का? कोणत्या वेळी? फी किती, आणि ती कशी पोचवायची?” आम्ही मालकाशी बोलणी करतो ती संप पेटल्यावर करत नाही, आधीच वेळ आणि मुद्दे ठरवतो. तीच रीत येथे.

दुसरी तयारी कागदाची. एका कागदावर रुग्णाचे नाव, वय, जुने आजार, चालू गोळ्यांची नावे आणि कोणते औषध सोसत नाही ते लिहून ठेवा. फोनच्या आधी ताप मोजा. घरात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर तोही आकडा लिहा. मग पाल्हाळ न लावता सांगा की काय होते आहे, केव्हापासून, आणि कालच्यापेक्षा आज काय बदलले. डॉक्टर सांगेल ते लिहून घ्या आणि त्याला परत वाचून दाखवा. औषधाची चिठ्ठी लेखी मागा. तीवर त्याचा नोंदणी क्रमांक असतो. आणि फोन ठेवण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच: “कोणते लक्षण दिसले तर थांबायचे नाही?” माझ्या मते हा प्रश्न निम्म्या सल्ल्याच्या तोलाचा आहे.

छातीत कळ, धाप, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर सल्ल्याच्या फोनची वाट पाहू नका. तो फोन १०८ ला, गाडीसाठी.

ज्याचा ठरलेला डॉक्टर नाही त्याच्यासाठी सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा आहे. घरून ती वापरण्याची सोय एप्रिल २०२० मध्ये झाली. ज्याच्याकडे तसला फोन नाही, त्याने जवळच्या आरोग्य केंद्रावर विचारावे. तेथील आरोग्य अधिकारी रुग्णाला तपासून पडद्यावरच्या डॉक्टरशी जोडून देतात. ही रीत मला विशेष पसंत आहे, कारण तेथे रुग्णाजवळ नाडी धरणारे एक माणूस असते.

येथे एक शंका निघेल. सगळेच फोन करू लागले तर डॉक्टरने जेवावे केव्हा? शंका रास्त आहे. डॉक्टरही श्रम करणारा माणूस आहे. लग्नाच्या पंगतीत गाठून “जरा विचारायचं होतं” म्हणणारे आपणच असतो. वेळेबाहेरच्या कामाला मोबदला मिळाला पाहिजे हे आम्ही आयुष्यभर बोललो. ते डॉक्टरला लागू नाही असे मी कसे म्हणू? म्हणूनच फोनची वेळ बांधलेली असावी आणि फी ठरलेली असावी.

पण दुसऱ्या बाजूने एक धोका आहे, आणि तो मला अधिक वाटतो. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रत्नागिरीचे एक प्रकरण आले. रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना फोनवरच्या सूचनेवरून एका बाळंतिणीला दाखल करून औषध दिले गेले आणि पुढे ती दगावली, असा आरोप होता. न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर काही सांगावे की नाही याचीच धास्ती डॉक्टरमंडळींत पसरली. मी त्यातून एवढाच बोध घेतो: फोन प्रवासाच्या जागी यावा, डॉक्टरच्या जागी येऊ नये. उद्या एखाद्या दवाखान्यातली डॉक्टरची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि विचारले की पडद्याकडे बोट दाखवायचे, असे कोणी करू लागला तर त्याला आपण हिशेब विचारला पाहिजे.

आता मागण्या. युनियनचा माणूस मागण्या न सांगता खाली बसला तर तुम्हालाच चुकल्यासारखे वाटेल. पहिली: विमा दवाखान्यांनी फोनचा तास ठरवून दारावर लावावा. दुसरी: आजारपणात विमा योजनेतून मजुरीच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. जो उठू शकत नाही, त्याला केवळ त्या कागदासाठी उठवून नेऊ नये. घरी येऊन पाहा, किंवा फोनवर पाहून दाखला देण्याची रीत घाला. तिसरी मालकांकडे: पाळी सुरू होताना फोन काढून घेण्याची चाल काही ठिकाणी आहे. घरी आई आजारी असलेल्या कामगाराला डॉक्टरच्या ठरल्या वेळी दहा मिनिटे फोन मिळाला, तर माग बुडत नाही.

चौथी मागणी आपल्या घरांकडे आहे. घरात फोन असतो तो बहुधा पुरुषाच्या खिशात. बाईला डॉक्टरशी बोलायचे तर सासरा ओट्यावर, मुले भोवती, आणि नवरा फोन धरून उभा. अंगावरून जाते, गाठ लागते, मन लागत नाही, यातले ती काय बोलणार? ती म्हणते, “डोकं दुखतंय,” आणि डॉक्टर डोकेदुखीची गोळी सांगतो. म्हणून फोन तिच्या हाती द्या आणि दार लोटून घ्या. चार भिंतींचा आडोसा हा तपासणीचाच भाग आहे.

पण ज्या घराला दुसरी खोलीच नाही, तेथे दार कोणते लोटणार? त्यासाठी या शहरातल्या वाचनालयांना आणि गणेश मंडळांना माझी विनंती आहे. एक लहान खोली, एक चांगला फोन, ताप आणि रक्तदाब मोजण्याची साधने, आणि रोज संध्याकाळी तास दोन तास बसणारा, ऐकलेले बाहेर न बोलणारा एक कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती, एवढे असले तर गल्लीचे काम भागेल. जो तेथवरही येऊ शकत नाही, त्याच्या घरी तोच कार्यकर्ता फोन घेऊन जाईल. याला खर्च मांडवाच्या रोषणाईपेक्षा कमी येतो. आमच्या कचेरीतली मागची खोली मी यासाठी मोकळी करून देतो. दोन तास बसणारी माणसे मला या सभेतून हवी आहेत. व्याख्यान संपल्यावर मी दाराजवळ वही घेऊन उभा राहीन. ज्यांना वार देता येईल त्यांनी नाव आणि वार लिहून द्यावा.