शिवी देण्याआधी

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात कॉलेजच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत ओझी ओढणारा माणूस. मॅट्रिकच्या पुढं शाळा नाही. कविता लिहितो म्हणून तुम्ही बोलावलंत. पण आज कविता नाही. आज मुद्द्याचं.

गेल्या महिन्यात आपल्यातला एक पोरगा ओठ सुजवून घरी आला. वर्गात कुणीतरी म्हणालं, 'जात म्हणजे काय, कामाची वाटणी. ती सगळ्याच समाजात असते.' यानं आईवरून शिवी घातली. मारामारी झाली. कॉलेजनं आठ दिवस बाहेर बसवलं ते यालाच. आणि ते वाक्य? ते वर्गात तसंच ताठ उभं. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

मी याला नावं ठेवत नाही. मीही शिव्या दिल्यात, कवितेतही दिल्यात. शिवीला तिची जागा आहे. पण शिवीनं तोंड बंद होतं, मुद्दा पडत नाही.

मुद्दा कसा पाडायचा ते बाबासाहेबांकडं बघा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं त्यांना परिषदेचं अध्यक्ष केलं. भाषण आधी वाचलं आणि मंडळाची टरकली. हे गाळा, ते गाळा. बाबासाहेब हलले नाहीत. भाषण झालंच नाही. त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच.

त्यात त्या पोराच्या वाक्याला उत्तर आहे. समोरच्याचं खरं तेवढं बाबासाहेब आधी मान्य करतात : हो, सुधारलेल्या समाजाला श्रमाची विभागणी लागते. मग विचारतात, इथं कामंच वाटलीत की कामगारही वाटलेत? एकाच्या डोक्यावर एक रचलेत? काम माणसानं निवडलं की जन्मानं त्याच्या गळ्यात बांधलं? एका शब्दाआड दोन गोष्टी लपवल्या होत्या. त्यांनी त्या वेगळ्या करून दाखवल्या.

मला हे गोदीत कळलं. एक क्रेन चालवतो, एक स्लिंग लावतो, एक हिशेब लिहितो. ही कामाची वाटणी. स्लिंगवाला उद्या क्रेन शिकू शकतो. पण गटार तुंबलं की कुणाला हाक जाते? २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी केली. तरी उतरतंय कोण? त्याचा बाप काय करत होता? विचारा. तिथं काम नाही वाटलेलं, माणूस वाटलाय.

दुसरा धडा. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर दिलं. धर्म त्याच्या वाईट नमुन्यांवरून नको, चांगल्यांवरून पारखा, असं त्यांचं म्हणणं. पुढं नावं ठेवली ज्ञानेश्वर, तुकारामांची. मुद्दा वजनदार. तुकारामाला कोण नाही म्हणणार? बाबासाहेबांनी उलट विचारलं : चांगले इतके थोडे आणि वाईट इतके फार, असं का? आणि संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसातली सांगितली का? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचं लिखाण आपल्याच पुस्तकात छापलं, आणि त्याला जोडून आपलं उत्तर. विरोधकाला आपल्या घरात बोलू द्यायचं, मग बोलायचं. स्वतःच्या मुद्द्यावर एवढा भरवसा पाहिजे.

वहीत दोन रकाने पाडा. डावीकडं समोरच्याचं म्हणणं, त्यालाही 'बरोबर लिहिलंस' वाटेल असं. उजवीकडं तुमचे सवाल : शब्दाचा अर्थ मधेच बदलला का? पुरावा कुठाय? एका उदाहरणावरून सगळ्यांचं ठरवलं का? हीच फूटपट्टी आपल्या पुढाऱ्यांनाही लावा. स्टेजवरून जोरात जयभीम ठोकला म्हणून मुद्दा खरा होत नाही. मलाही लावा.

सोमवारी तो पोरगा परत त्याच वर्गात जाणार आहे. आत्ता तो इथंच मागं बसलाय. ये भावा, पुढं ये. आता मी त्या दुसऱ्या पोराच्या बाजूनं बोलणार, जीव तोडून. तू माझं वाक्य पाडायचं. बाकीच्यांनी याला मदत करायची. ते पडल्याशिवाय आज कुणी घरी जायचं नाही.