सातबाऱ्यावरील नाव आणि शेताचे धनी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



‘वडिलोपार्जित शेती’ हा शब्द आपल्या तोंडी नित्य असतो. परंतु ती आपल्या नावे कशी झाली, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. आज त्याविषयी चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

पश्चिम महाराष्ट्रात शेताची हकीकत दप्तरात सापडते. इंग्रजी अमलात १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी जमीन-मोजणी सुरू झाली. पुढे गावोगाव शेतास सर्व्हे नंबर मिळाला आणि त्यावर रोख सारा बसला. सारा ठरलेला, पीक मात्र पावसाच्या हाती. त्यामुळे कित्येक शेते सावकाराकडे गहाण पडली. १८७५ साली सुप्याच्या दंग्यात शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले, ते याच कारणाने.

स्वराज्यात १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्या एका दिवशी कोणाचे घर उभे राहिले, तर कोणाचे उत्पन्न गेले. दोन्ही घरच्यांनी ही हकीकत मुलांना निर्मळ मनाने सांगावी.

आता घरातील गोष्ट. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावामागे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे आढळतात. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ हा त्यांचा अर्थ. तो कुटुंबाच्या वतीने कारभारी होता, एकटा धनी नव्हे. काळाच्या ओघात अक्षरे विसरली, नाव तेवढे राहिले आणि धाकट्यांची घरे कोर्टाची पायरी चढली. महसुली नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे ध्यानी असते तर कित्येक भाऊ दुरावले नसते.

भावांची ही कथा, मग लेकींची काय सांगावी? महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित कन्यांना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित कन्याही त्यात आल्या. त्यासाठी त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. तरीही वारसनोंद होताच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याची रीत सुटलेली नाही. माहेर तुटू नये म्हणून ती न वाचताच सही करते.

माझी विनंती एवढीच आहे. तलाठ्याकडून व तहसील कचेरीतून आपल्या गटाचे जुने फेरफार, सातबारे आणि असल्यास वाटणीपत्र यांच्या नकला काढाव्या; एका सुटीच्या दिवशी भाऊ-बहिणी, सुना, नातवंडे यांना एकत्र बसवून त्या मोठ्याने वाचाव्या. हिस्सा किती, हे बहिणीस प्रथम कळू द्यावे. त्यानंतर तिने तो घ्यावा की सोडावा, हा सर्वस्वी तिचा प्रश्न होय. आणि तिने घेतला तरी दिवाळीस माहेरचे दार तिला पूर्वीसारखेच उघडे असावे.