हारातला झेंडू आणि बियाण्याचा हक्क
(पाथर्डी येथील बैठकीतील भाषण)



दसऱ्याला विकत आणलेलं तोरण वाळलं, की मायबहिणी झेंडू चुरगाळून परसात टाकतात. तिथं रोपं उगवतात. वाळल्या पाकळीच्या बुडाशी असलेली काळी काडी, तेच बी.

दारापुढं चार झाडं लावायला हे बी चालतं. एकरभर मात्र लावू नका. बाजारातला बराच झेंडू संकरित. त्याच्या बियातून एकसारखी झाडं येत नाहीत. कुठं फूल एकेरी, कुठं फुलोरा मागंपुढं. मोहटादेवीचं नवरात्र आणि दसरा हुकला, तर माल कोण विचारतो? शिवाय हारातलं फूल कोवळं तोडलेलं, पुष्कळ बी पोचट निघतं.

मग दरसाल पुडीच विकत घ्यायची काय? नाही. पुसा नारंगी, पुसा बसंती हे सरळ वाण आहेत. निवडक झाडं इतर झेंडूपासून लांब राखा, फूल झाडावरच वाळू द्या.

२००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचं बी छाप मारून विकता येत नाही.

पण घरात बीच नसेल, तर हक्क काय कामाचा? यंदा एक वाफा बियाण्यासाठी राखा.