किरणच्या नावाचं रान

आमच्या बचत गटातल्या आम्ही अकरा जणी राजस्थानातलं पिपलांत्री गाव पाहून आलो. तिथलं थोडं तुम्हाला सांगतो.

हे गाव राजसमंद जिल्ह्यात, संगमरवराच्या खाणींच्या पट्ट्यात आहे. खाणींमुळे टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या, पाणी खोल गेलं. तिथले त्या वेळचे सरपंच श्यामसुंदर पालिवाल यांची लेक किरण लहान वयात वारली. तिच्या आठवणीसाठी त्यांनी कदंबाचं झाड लावलं. पुढे गावानं रीतच पाडली : मुलगी जन्मली की १११ झाडं लावायची. गावकऱ्यांचे २१ हजार आणि आईवडिलांचे १० हजार, असे ३१ हजार रुपये तिच्या नावानं मुदत ठेवीत टाकायचे. आईवडील लिहून देतात, की मुलीला शिकवू, अठराच्या आत तिचं लग्न करणार नाही आणि झाडं जगवू. पालिवालांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता तिथं सावलीतून चालावं लागतं. वाळवी लागू नये म्हणून झाडांभोवती कोरफड लावलीय. त्याच कोरफडीपासून बायका जेल, रस करून विकतात. राखीपौर्णिमेला मुली झाडांना राखी बांधतात.

आमच्यातल्या एकीची लेक आठवीत असताना तापानं गेली. घरात तिचं नाव कुणी काढत नाही. आई रडेल म्हणून आम्हीही काढत नव्हतो. ती बराच वेळ झाडांत बसून राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "इथं सगळे किरणचं नाव घेतात गं."

परत आल्यावर आम्ही ग्रामपंचायतीकडे गायरानाचा एक तुकडा मागितला. "लावाल, पण उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?" असं विचारलं गेलं. प्रश्न खरा होता. १११ झाडं आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून अकराच लावली, काटेरी कुंपण केलं, पाण्याच्या पाळ्या वहीत लिहिल्या. दोन झाडं जळाली, ती पावसाळ्यात पुन्हा लावली.

तिनं जांभूळ लावलंय. तिची पाळी नसली तरी ती हंडा घेऊन येते. आणि आता आम्ही तिच्या लेकीचं नाव तिच्यासमोर घेतो. ती रडते कधी, पण थांबा म्हणत नाही.

बायांनो, तुमच्याही गावात असं एखादं नाव असेल. ते घ्या. आणि झाड लावण्याआधी पाण्याची पाळी ठरवा.